मत्स्यशास्त्रज्ञांसाठी डेटा अ‍ॅनालिसिसचं ट्रेनिंग: नेमकं काय शिकवायला हवं?

खाडीकाठ

नमस्कार मंडळी. इथे बीएफएससी, एमएफएससी (मत्स्यशास्त्राच्या पदव्या) केलेले बरेच जण आहेत, वर्सोव्याच्या सीआयएफई या मत्स्यशिक्षण संस्थेतले, सीएमएफआरआय या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या प्रोजेक्टवर काम केलेले, शिरगाव, नागपूर, उदगीरच्या कॉलेजांतले, म्हणून हा धागा काढतोय.

मी बरीच वर्षं सागरी मत्स्यसाठ्यांच्या अभ्यासात आहे आणि अधूनमधून आर (आकडेवारीची प्रोग्रामिंग भाषा) शिकवायलाही जातो. बहुतेक ट्रेनिंग साधारण असं चालतं. पाच दिवसांचा कार्यक्रम, पहिला अर्धा दिवस उद्घाटनात, मग आर इन्स्टॉल करणं, त्यात निम्म्या लॅपटॉपना अ‍ॅडमिनचा पासवर्ड लागतो आणि तो कुणाकडेच नसतो, मग आयरिस नावाचा फुलांच्या पाकळ्यांचा तयार डेटा घेऊन दोन-चार ग्राफ, तिसऱ्या दिवशी एकदम प्रिन्सिपल कंपोनंट, चौथ्या दिवशी मशीन लर्निंग, पाचव्या दिवशी सर्टिफिकेट. परत गेल्यावर माणूस स्वतःची बांगड्याची एक्सेल शीट उघडतो आणि त्याला सुरुवातच सुचत नाही, कारण त्या फुलांच्या डेटात एकही रकाना रिकामा नव्हता, तारखा नव्हत्या, बोट नव्हती, जाळं नव्हतं. महिन्याभरात तो पुन्हा एक्सेलमध्ये ट्रेंडलाइन काढायला लागतो. यात त्याचा दोष नाही असं मी मनापासून म्हणतो.

माझं म्हणणं एवढंच की ट्रेनिंग प्रत्येकाच्या स्वतःच्या डेटावर व्हायला हवं आणि सॉफ्टवेअर उघडायच्या आधी तो मासा आपल्या मोजपट्टीपर्यंत कसा पोचला हे शिकवायला हवं. बाकी सगळं त्यानंतर.

हे इतकं का लावून धरतोय तर आपल्या आकड्यांवर आता कायदे उभे राहतायत. २०२३ मध्ये महाराष्ट्राने ५४ प्रजातींसाठी किमान आकारमान ठरवलं, त्याच्या आधी केरळने केलं होतं. असं माप ठरवताना मासा पहिल्यांदा प्रजननक्षम कितव्या लांबीला होतो हे बघतात, म्हणजे कुणीतरी शेकडो मासे चिरून गोनाड (प्रजनन ग्रंथी) बघितलेले असतात आणि त्यावर लॉजिस्टिक रिग्रेशन लावून निम्मे मासे प्रौढ झालेले असतात ती लांबी काढलेली असते. आता सगळं सॅम्पल जर मोठ्या आसाच्या (भोकांच्या) गिलनेट जाळ्याचं असेल तर त्यात लहान अपरिपक्व मासे येणारच नाहीत, वक्राची खालची बाजू रिकामी राहील, तरी सॉफ्टवेअर एक आकडा देईलच, दशांश चिन्हासकट. तो आकडा पुढे कुणाच्या तरी टोपलीतला माल बेकायदेशीर ठरवतो, म्हणून ही गोष्ट फक्त पेपर छापण्यापुरती नाहीये.

तुमचे अनुभव लिहा. ट्रेनिंगमधून खरंच काय उपयोगी पडलं, काय वाया गेलं, आणि काय कुणी शिकवलंच नाही?

बांगडाप्रेमी

दादा अगदी माझ्या मनातलं लिहिलंत. मी पीएचडीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, बांगड्याच्या वाढीवर काम. रत्नागिरीच्या आसपासच्या बंदरांवरून दर महिन्याला लांबीची मापं घेतलीत, पण जून-जुलै मासेमारीला बंदी असते त्यामुळे ते दोन महिने कोरे. गाईड मॅडम म्हणतात फायसॅट या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये एलिफॅन (लांबीवरून वाढ काढायची पद्धत) चालवून टाक, सीनियर म्हणतो आरमध्ये ट्रॉपफिशआर हे पॅकेज वापर. दोन्ही चालवून बघितलं तर के ची, म्हणजे वाढीच्या वेगाच्या आकड्याची, किंमत खूपच वेगळी येतेय, आता थिसिसमध्ये कुठली लिहू? आणि जून-जुलैसाठी मे आणि ऑगस्टची सरासरी टाकून भरलं तर चालेल का, एका ट्रेनिंगमध्ये तसं सांगितलं होतं.

खाडीकाठ

ताई, आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर: नाही, अजिबात भरू नका. एलिफॅन काय करतं तर लांबीच्या वितरणातली शिखरं महिन्या-महिन्याला कशी पुढे सरकतायत ते बघून त्यातून वाढीचा वक्र घालतं. तुम्ही मे आणि ऑगस्टची सरासरी मधे टाकलीत की शिखरं तुम्हीच हाताने बनवलीत, मग वक्र तुमच्या सरासरीतून जाणार, माशातून नाही. कोरे महिने कोरे ठेवा, पद्धत तेवढी चालवून घेते. फक्त सॅम्पलची खरी तारीख द्या, सरसकट महिन्याची १५ तारीख नको, कारण बांगडा भराभर वाढणारा मासा आहे आणि दहा-बारा दिवसांनी लहान वयात फरक पडतो. १ जून ते ३१ जुलै हा काळ नेमका असा की त्यात पुष्कळ माशांचं प्रजनन चालू असतं आणि बंदी उठल्यावर नवीन पिल्लं जाळ्यात दिसायला लागतात, म्हणजे तुमच्या डेटातला सगळ्यात महत्त्वाचा बदल न दिसणाऱ्या काळात होतोय. हे थिसिसमध्ये मर्यादा म्हणून स्पष्ट लिहा, परीक्षक त्याचे मार्क कापणार नाहीत.

आता के वेगळं का येतं. बर्टालान्फीच्या वाढीच्या समीकरणात एल इन्फिनिटी (मासा वाढत वाढत ज्या लांबीकडे जातो ती) आणि के एकमेकांना बांधलेले असतात, एक वाढवला की दुसरा कमी करून जवळपास तितकाच चांगला वक्र बसतो. त्यामुळे दोन प्रोग्रामनी दोन जोड्या दिल्या तर लगेच एक बरोबर आणि एक चूक असं होत नाही. फायसॅटमध्ये बरेच जण एल इन्फिनिटी आधी ठरवतात आणि मग के शोधतात, ट्रॉपफिशआरमध्ये सिम्युलेटेड अ‍ॅनिलिंग किंवा जेनेटिक अल्गोरिदम दोन्ही एकदम शोधतो, आणि त्यात रँडम आकड्यांचा भाग असल्याने सीड (रँडम आकड्यांची ठरलेली सुरुवात) न लावता पुन्हा चालवलंत तर थोडं वेगळं उत्तर येईल. म्हणून हे करा: लांबीचे गट एक सेंटीमीटरचे आणि दोन सेंटीमीटरचे असे दोन्ही करून बघा, सीड लिहून ठेवा, बूटस्ट्रॅप करा (आपल्याच डेटातून पुन्हा पुन्हा सॅम्पल काढून) आणि के चा एक आकडा न देता त्याची रेंज द्या. ती रेंज रुंद आली तर तेच तुमचं उत्तर आहे, तुमचा डेटा एवढंच सांगू शकतो.

फायसॅटला मी नावं ठेवत नाही. एफएओ आणि इक्लार्म या दोन आंतरराष्ट्रीय संस्थांच्या जुन्या प्रोग्राममधून ते झालं आणि एक पूर्ण पिढी त्यावर शिकली. पण त्यात कुठली बटणं कुठल्या क्रमाने दाबली याची नोंद मागे राहत नाही, दोन वर्षांनी मॅडमनी विचारलं हे कसं काढलं तर सांगता येत नाही.

आणि एक विचारायचं राहिलं, बांगडे पर्ससीनचे (थव्याला वेढणाऱ्या जाळ्याचे) की गिलनेटचे? दोन्ही एकत्र केलेत का?

बांगडाप्रेमी

एकत्र आहेत 😟 शीटमध्ये जाळ्याचा रकाना आहे पण पहिल्या काही महिन्यांचा भरलेला नाही.

आकडेमोड

मी स्टॅटिस्टिक्सवाला आहे, मासे खाण्यापुरतेच कळतात, पण मत्स्य विभागातल्या लोकांना बरीच वर्षं सल्ला देतोय म्हणून लिहितो. खाडीकाठ यांच्या मुद्द्याला पूर्ण पाठिंबा. माझ्याकडे लोक येतात ते थेट "सर कुठली टेस्ट लावू" असं विचारत येतात, आणि मी विचारतो मासे किती बोटींचे, तर तिथेच गाडी अडते.

समजा तुम्ही पाच बोटींवरचे शंभर-शंभर बांगडे मोजलेत. पेपरात लिहिता सॅम्पल साइझ ५००. पण बांगडा थव्याने फिरतो, एका थव्यात साधारण एकाच मापाचे मासे असतात, म्हणजे एका बोटीतले शंभर मासे म्हणजे शंभर स्वतंत्र साक्षीदार नव्हेत, सगळे एकाच घरातले आहेत. तुमच्या हातात खरी स्वतंत्र माहिती पाचाच्या जवळ आहे, पाचशेच्या नाही. मग ५०० धरून टी टेस्ट लावली की पी व्हॅल्यू इतकी छोटी येते की कुठल्याही दोन बंदरांत "लक्षणीय फरक" सापडतो. याला उपाय म्हणजे बोट किंवा खेप रँडम इफेक्ट म्हणून घेणं (बोटीबोटीतला फरक मॉडेलमध्ये वेगळा धरणं), आरमध्ये एलएमई४ पॅकेजने दोन ओळींत होतं, पण दोन ओळी शिकवण्याआधी हा विचार शिकवायला अर्धा दिवस लागतो आणि तो अर्धा दिवस कुणी देत नाही. माझ्या मते अख्ख्या ट्रेनिंगमधली ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे, बाकी सगळं इंटरनेटवर मिळतं.

दुसरं वजन देणं. एका बोटीला २००० किलो माल, त्यातले १० किलो मोजले. दुसऱ्या बोटीला २०० किलो, त्यातलेही १० किलो मोजले. दोन्ही शीट एकाखाली एक चिकटवून हिस्टोग्राम काढला की दुसऱ्या बोटीला दहापट जास्त महत्त्व दिलं गेलं. आधी प्रत्येक सॅम्पल त्या बोटीच्या एकूण मालापर्यंत वाढवायचं, मग त्या दिवशीच्या एकूण बोटींपर्यंत, मग महिन्यापर्यंत. सीएमएफआरआयची उतरलेल्या मासळीचा अंदाज काढायची पद्धत यावरच उभी आहे, किनाऱ्याचे विभाग पाडायचे, महिन्याचे दहा-दहा दिवसांचे तीन भाग करायचे, त्यातून दिवस निवडायचे, त्या दिवशीच्या बोटींतून बोटी निवडायच्या, आणि मग पायरी पायरीने वर चढत जायचं. आपल्याच देशात कित्येक दशकं चाललेलं इतकं सुंदर सॅम्पलिंगचं उदाहरण असताना ट्रेनिंगमध्ये फुलांच्या पाकळ्या कशाला?

धक्क्यावरून

मी शास्त्रज्ञ नाही, पण बंदरावर मासळीची नोंद करायचं काम केलंय म्हणून आकडेमोड सरांच्या पोस्टला जोडून लिहितो. तुमच्या शीटमध्ये शून्य दिसतं ना, ते मी भरलेलं असतं. आता ऐका. बोट आलीच नाही. बोट आली पण त्यात तो मासा नव्हता. बोट आली, मासा होता, पण मी पोचेपर्यंत लिलाव होऊन माल गाडीत चढला. आणि बंदी होती म्हणून बंदरच बंद. या चार वेगळ्या गोष्टी आहेत आणि फॉर्ममध्ये जागा एकच, म्हणून चारही ठिकाणी शून्य पडतं. पुढे लॅपटॉपवर बसणाऱ्याला कसं कळणार? त्याने सरासरी काढली की झालं.

पापलेटचं तर आणखी वेगळं. मोठा माल बोटीवरच वेगळा काढलेला असतो, ग्रेड लावून बर्फात, त्याचा व्यापारी ठरलेला, त्याला हात लावू देत नाहीत. मोजायला मिळतो तो उरलेला. मग रिपोर्टात येतं की पापलेटचा सरासरी आकार घटला. घटला असेलही, मी नाही म्हणत नाही, पण मी मोजलेल्या माशांवरून ते सांगू नका.

क्रेट म्हणजे किती किलो हे पण बंदराबंदरावर वेगळं आणि बर्फासकट की बर्फाशिवाय हेही वेगळं. कोळंबीला सोलट, चैती, कापशी, टायनी अशी नावं, एका बंदरावरची कापशी दुसऱ्या बंदरावर दुसऱ्याच नावाने. आम्हाला कधी कुणी बसवून सांगितलं नाही की या डेटाचं पुढे काय करतात. सांगितलं असतं तर रिमार्कच्या रकान्यात चार शब्द जास्त लिहिले असते. ट्रेनिंग करा पण आमच्या लोकांनाही एक दिवस बोलवा.

खाडीकाठ

धक्क्यावरून, तुमची ही पोस्ट मी जिथे शिकवायला जाईन तिथे पहिल्या तासाला वाचून दाखवणार आहे, परवानगी आहे असं धरतो. चार शून्यांसाठी चार कोड हवेत, आणि आरमध्ये गेल्यावर "मासा नव्हता" एवढंच शून्य राहायला हवं, बाकी तिन्ही रिकामं म्हणजे एनए (माहिती नाही). या एका दुरुस्तीने आलेखाची दिशा बदलू शकते.

नावांच्या घोळाला शास्त्रीय नावंही सुटलेली नाहीत बरं का. व्हनामी कोळंबी आधी पीनियस व्हनामी, मग १९९७ नंतर लिटोपीनियस व्हनामी, आता पुन्हा पीनियस. पांढरी कोळंबी तशीच, पीनियस इंडिकस, मग फेनेरोपीनियस, मग परत पीनियस. आपलं रुपेरी पापलेट, जे २०२३ मध्ये राज्य मासा झालं, ते जुन्या शीटमध्ये पॅम्पस अर्जेंटियस आणि नव्या पेपरांत पुष्कळदा पॅम्पस कँडिडस. वीस वर्षांचा डेटा जोडताना नुसत्या नावावर जोडलात तर एकच मासा दोन प्रजाती होऊन बसतो आणि एक प्रजाती "नाहीशी झाली", दुसरी "नव्याने आढळली" असा निष्कर्ष निघतो. नावांचा एक वेगळा तक्ता ठेवायचा, स्थानिक नाव, बंदर, जुनं नाव, आत्ताचं नाव, आणि जोडणी त्याच्या मार्फत करायची.

निस्त्याक

मी मालवणचो. घरात रापण (किनाऱ्यावरसून वडूचा जाळा). माका ह्या आर-बिर काय कळना नाय पण एक इचारतंय. २०१९ साली पेपरात इला की महाराष्ट्रात मासळी ४५ वर्सात सगळ्यात कमी गावली. त्या वर्साक वादळा इली, होडयो दर्यात गेल्योच नाय. मगे मासो कमी झालो की आमी दर्यात कमी गेलव, ह्या कोण सांगतला? तुमच्या ट्रेनिंगात ह्या शिकवतत काय?

खाडीकाठ

हाच प्रश्न शिकवायला हवा. तुम्ही म्हणता ते वर्ष, सीएमएफआरआयच्या अंदाजानुसार २०१९ मध्ये महाराष्ट्रात २.०१ लाख टन मासळी उतरली, आणि त्याच वर्षी अरबी समुद्रात जूनमध्ये वायू आलं, मग ऑक्टोबर-नोव्हेंबरात, म्हणजे ऐन हंगामात, क्यार आणि महा ही वादळं आली. नुसत्या टनांवरून समुद्रात मासा किती हे कधीच सांगता येत नाही. टनांना कष्टाने भागावं लागतं, म्हणजे किती बोटी, किती फेऱ्या, किती तास जाळं पाण्यात.

पण तेही सरळ भागाकाराने होत नाही. पूर्वी बोट सकाळी जाऊन संध्याकाळी यायची, आता दहा-बारा दिवस बाहेर राहते, फिश फाइंडर आहे, इंजिन मोठं, जाळं मोठं. मग "एका फेरीला किती किलो" हा आकडा वर्षानुवर्षं स्थिर दिसतो आणि आपण समजतो साठा ठणठणीत आहे, प्रत्यक्षात त्या एका फेरीत पूर्वीच्या कित्येक फेऱ्यांचे कष्ट भरलेत. म्हणून कॅच पर युनिट एफर्ट आधी स्टँडर्डाइझ करावा लागतो, मॉडेलमध्ये बोटीचा आकार, जाळं, महिना, बंदर, फेरीचे दिवस हे सगळं घालायचं आणि मग उरलेला वर्षाचा परिणाम बघायचा. शिवाय ज्या फेऱ्यांत तो मासा मिळालाच नाही त्या शून्यांचं काय करायचं, लॉग घेता येत नाही म्हणून एक मिळवून टाकतात पुष्कळ जण, त्याऐवजी दोन टप्प्यांचं डेल्टा मॉडेल किंवा शून्यं चालवून घेणारं ट्वीडी मॉडेल वापरायचं. हा एक विषय नीट शिकवायला दोन पूर्ण दिवस हवेत आणि ते द्यायलाच हवेत.

रापणीचा डेटा यात फार मोलाचा आहे. जागा तीच, पद्धत बरीचशी तीच. तुमच्या घरी जुन्या वह्या असतील, कुठल्या दिवशी किती वाटा पडला अशा, तर कृपा करून जपा.

दर्यासारंग६०

सगळ्यांचं वाचलं. मी निवृत्त झालोय, आयुष्य याच क्षेत्रात गेलं. थोडा विरोधी सूर लावतो, राग मानू नका. आम्ही लांबी-वजनाचं नातं लॉग टेबल आणि कॅल्क्युलेटरवर काढलं, पुढे एसपीएसएस हे सॉफ्टवेअर आलं, आयसीएआरकडून (भारतीय कृषी संशोधन परिषदेकडून) एसएएस आलं. प्रत्येक वेळी सांगितलं गेलं की हे शिकल्याशिवाय गत्यंतर नाही. आता आर. आज मी कॉलेजात जातो तेव्हा मुलं दिवसभर स्क्रीनसमोर दिसतात, ओटोलिथ (माशाच्या कानातला खडा) काढून वयाची वर्तुळं मोजणारी किती उरलीत? गोनाडची अवस्था डोळ्याने ओळखता येत नाही आणि जीएलएम (रिग्रेशनचं पुढचं रूप) लावतात. प्रत्येक मत्स्यशास्त्रज्ञाने प्रोग्रामर व्हावं ही अपेक्षाच चूक आहे. एका संस्थेत दोन चांगले स्टॅटिस्टिशियन नेमा आणि बाकीच्यांना समुद्रावर जाऊ द्या.

आकडेमोड

सर, दोन स्टॅटिस्टिशियन नेमा याला माझा मनापासून पाठिंबा. पण अनुभव सांगतो, ते दोघं प्रत्येक प्रोजेक्टच्या शेवटी बोलावले जातात, डेटा गोळा झाल्यावर, तेव्हा फक्त काय काय हुकलं एवढंच सांगता येतं. मासे ओळखणाऱ्या माणसाला निदान एवढं कळायला हवं की आम्हाला सुरुवातीला बोलवायचं. ओटोलिथचं म्हणणं शंभर टक्के मान्य.

उत्तरवारा

नॉर्वेतल्या बर्गनहून लिहितेय, इथे मत्स्यसाठ्यांच्या मॉडेलिंगमध्ये काम करते. दर्यासारंग काका, तुमचा मुद्दा इथेही अधूनमधून निघतो. पण कोड लिहायचं मुख्य कारण वेग नाही, दुसऱ्या माणसाला तपासता येणं हे आहे. आयसीईएस या समुद्र संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने ट्रान्स्परंट असेसमेंट फ्रेमवर्क नावाची व्यवस्था केली आहे, साठ्याच्या अंदाजाचा कच्चा डेटा, साफसफाईची स्क्रिप्ट, मॉडेल, आउटपुट सगळं ठरलेल्या फोल्डरांत, जेणेकरून पुढच्या वर्षी दुसरा माणूस आला तरी तो बटण दाबून तेच उत्तर काढू शकेल आणि मग त्यावर वाद घालू शकेल. कोटा कमी करायचा म्हटलं की मच्छीमार संघटना बैठकीत आकडे मागतात, तेव्हा "आमच्या सीनियरने काढलं होतं" हे उत्तर चालत नाही.

ट्रेनिंगबद्दल: आइसलँडमध्ये १९९८ पासून मत्स्य क्षेत्रातल्या लोकांसाठी सहा महिन्यांचा कोर्स चालतो, आता युनेस्कोच्या छत्राखाली. मला त्याची रचना आवडते कारण साधारण अर्धा वेळ प्रत्येकाच्या स्वतःच्या प्रोजेक्टवर जातो, मार्गदर्शकाबरोबर बसून, बहुतेक वेळा स्वतःच्याच देशाच्या प्रश्नावर. सहा महिने प्रत्येकाला शक्य नाहीत, पण प्रमाण बघा, अर्धा वेळ. आपल्याकडे आयसीएआरच्या २१ दिवसांच्या समर आणि विंटर स्कूल असतात, त्यातले दहा दिवस जरी सहभागींच्या डेटाला दिले तरी केवढा फरक पडेल.

दर्यासारंग६०

तपासता यावं हे कारण पटलं. सीएमएफआरआयच्या २०२२ च्या अहवालात आपल्या १३५ साठ्यांपैकी ९१.१ टक्के निरोगी म्हटलंय, मच्छीमार मला विचारतात हे खरं का, आणि मला आतले टप्पे हाताने तपासून बघता येत नाहीत याचं वाईट वाटतं. पण मुलांना समुद्रावर न्याच.

शीटमास्तर

मी एका सरकारी ऑफिसात डेटाच सांभाळतो. तुम्ही सगळे मॉडेलबद्दल बोलताय, मी त्याआधीचं सांगतो कारण माझा बहुतेक वेळ तिथे जातो.

तारखा. कुणाचा कॉम्प्युटर अमेरिकन सेटिंगवर असतो. ०३/०४ लिहिलं की ३ एप्रिलचं ४ मार्च होतं, काही एरर येत नाही, आणि १३ तारखेपासूनच्या तारखा मात्र नुसता मजकूर म्हणून पडून राहतात, कारण तेरावा महिना नसतो. म्हणजे महिन्याचे पहिले बारा दिवस चुपचाप दुसऱ्याच महिन्यात जातात. लांबीचा डेटा असेल तर वाढीचा वक्र बसणार तरी कसा. वर्ष, महिना, दिवस असे तीन वेगळे रकाने करा, भांडणच मिटतं.

फॉन्ट. जुन्या शीटमध्ये माशांची मराठी नावं शिवाजी नाहीतर कृतिदेव फॉन्टमध्ये टाइप केलेली, दुसऱ्या मशीनवर उघडलं की निव्वळ कचरा. ते आधी युनिकोडमध्ये आणावं लागतं. युनिकोडमध्ये आणल्यावरही विंडोजवर जुन्या आरमध्ये देवनागरी फुटायची, ४.२ आवृत्तीपासून, म्हणजे २०२२ पासून, ते सुधारलंय. पण पुष्कळ कॉलेजांच्या लॅबमध्ये अजून जुनंच आर आहे आणि शिकवणारे म्हणतात मराठी टाकूच नका. बंदरावरचा माणूस मराठीतच लिहिणार, त्याने का बदलायचं? आर अपडेट करा.

मर्ज केलेले सेल आणि रंग. "पिवळे केलेले मासे मादी आहेत." प्रोग्रामला पिवळा दिसत नाही हो, रकाना करा.

आणि लांबी कुठली मोजली ते लिहाच. बांगडा, सुरमई यांची शेपटी दुभंगलेली, कुणी टोकापर्यंत मोजतं, कुणी खाचेपर्यंत. एकाच शीटमध्ये दोन्ही मिसळलेली मी पाहिलीत, दोन विद्यार्थी बदलले की पद्धत बदलते. ग्राफ काढला की दोन समांतर पट्टे दिसतात, पण ग्राफ कुणी काढतच नाही, थेट आर स्क्वेअर (रेषा किती चांगली बसली याचा आकडा) बघतात.

बांगडाप्रेमी

शीटमास्तर, तुमची पोस्ट वाचून शीट तपासली, तारखांचं अगदी तस्संच झालंय, काही सॅम्पल जानेवारीचं डिसेंबरमध्ये गेलंय. धन्यवाद!!

एक विचारू का, आता सगळे एआय चॅटबॉटकडून कोड लिहून घेतात, आमच्या लॅबमध्ये पण. मग आर शिकायची खरंच गरज उरली आहे का? मला स्वतःला शिकायचंय पण ज्युनियर मुलं विचारतात तेव्हा उत्तर देता येत नाही.

आकडेमोड

कोड लिहून घ्यायला हरकत नाही, मीही घेतो. पण त्याला माहीत नसतं की तुझे पहिल्या काही महिन्यांचे मासे कुठल्या जाळ्यातले आहेत, दोन पद्धतींनी मोजलेल्या लांब्या मिसळल्यात, शून्य म्हणजे लिलाव आधी झाला. तू सांगितलं नाहीस तर तो विचारेलच असं नाही, आणि कोड बिनएरर चालेल. काय सांगायचं हे कळण्यासाठीच तर शिकायचं. ज्युनियर मुलांना सांग, लांबी-वजनाचा कोड लिहून घ्या, मग त्याला न विचारता स्वतः सांगा की उतार ३ पेक्षा वेगळा आहे असं म्हणायला कॉन्फिडन्स इंटरव्हल कुठे बघायचं आणि लॉगमधून परत ग्रॅममध्ये येताना अंदाज थोडा कमी का पडतो. सांगता आलं तर खुशाल वापरा.

खाडीकाठ

एवढ्या चर्चेनंतर मला वाटतं आपण बोलण्यापेक्षा एकदा करून बघूया. ऑनलाइन, आठवड्यातून एक संध्याकाळ, पावसाळी बंदीच्या काळात, म्हणजे बंदरावरची कामंही कमी असतात. माझ्या डोक्यात असं आहे. सुरुवातीचे तीन-चार आठवडे सॉफ्टवेअर बंदच ठेवायचं, प्रत्येकाने आपला डेटा कुठून आला याचं एक पान मराठीत लिहून आणायचं, कुठलं बंदर, कुठलं जाळं, कोणी मोजलं, काय मोजायला मिळालं नाही. मग शीट साफ करणं, त्याला घाई नाही, लागतील तितके आठवडे. मग नुसते ग्राफ, एकही टेस्ट नाही. त्यानंतर लांबी-वजन आणि प्रौढत्वाचा वक्र, कारण त्यातून रिग्रेशन आणि जीएलएम दोन्ही कळतात, मग बोटीचा रँडम इफेक्ट, मग एफर्ट. एलिफॅन आणि साठ्याचं मॉडेल सगळ्यात शेवटी, आणि ज्यांचा डेटा त्या लायक नाही त्यांनी ते करायचंच नाही. मशीन लर्निंग नको.

अट एकच: संस्थेचा किंवा प्रोजेक्टचा डेटा असेल तर गाईडची लेखी परवानगी घेऊन या. न मिळाल्यास त्याच रचनेचा बनावट डेटा आपण आरमध्येच तयार करू, तेही शिकण्यासारखं आहे, कारण त्यात खरं उत्तर आपल्याला आधीच माहीत असतं आणि पद्धत ते पकडते का हे बघता येतं.

सर्टिफिकेट मिळणार नाही, प्रमोशनला धरलं जाणार नाही, हे आधीच सांगतो. आकडेमोड सर, रँडम इफेक्टचा अर्धा दिवस तुमचा. शीटमास्तर, साफसफाई तुम्ही घ्या. उत्तरवारा ताई, फोल्डर आणि स्क्रिप्ट कशा ठेवायच्या तेवढं एक सत्र.

उत्तरवारा

नक्की घेते. फक्त वेळ आपल्याकडच्या रात्री नऊनंतरची ठेवा, मी ऑफिसातून बाहेर पडलेली असते.

दर्यासारंग६०

गोनाडच्या अवस्था फोटोवरून ओळखायचं एक सत्र मी घेईन. माझ्याकडे जुन्या स्लाइड्स आहेत. त्या ओळखताच आल्या नाहीत तर प्रौढत्वाचा वक्र कशावर काढणार?

निस्त्याक

आजोबांच्यो वहयो गावल्यो. काय पानां वाळवीन खाल्ल्यान पण बरीचशी वाचतत. फोटो काडून पाठयतंय.

धक्क्यावरून

मला परवानगी कोणाची लागेल? माझ्याकडे डेटा नाही, फक्त तो कसा भरला जातो ते माहिती आहे.

खाडीकाठ

तुम्हाला कुणाची लागत नाही. पहिलं सत्र तुमचंच, चार शून्यांचं. निस्त्याक, वहीच्या प्रत्येक पानाचा फोटो काढताना तारीख आणि वाट्याचा आकडा दोन्ही दिसतील असा काढा, आणि एक वाटा म्हणजे साधारण किती टोपल्या हे घरात कुणाला आठवत असेल तर आत्ताच विचारून लिहून ठेवा. बांगडाप्रेमी, जाळ्याचा रकाना ज्यांनी सॅम्पल आणलं त्यांना फोन करून जेवढा भरता येईल तेवढा भरा, बाकीच्या ठिकाणी "माहीत नाही" असंच लिहा.